ऑपेरा हाउसची धाड आणि फोनवरचा साहेब

१७ मार्च १९८७ रोजी मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडियामध्ये एक छोटी जाहिरात छापून आली. इंटेलिजन्स ऑफिसर आणि सिक्युरिटी ऑफिसर या पदांसाठी तडफदार पदवीधर हवेत, मुलाखतीसाठी दुसऱ्या दिवशी ताज हॉटेलात यावे, असा तिचा आशय होता. दुसऱ्या दिवशी ताजमध्ये तरुणांची रीघ लागली. मुलाखती घेणारा माणूस ‘मोन सिंग’ या नावाने उतरला होता. त्याने २६ जणांना निवडले आणि तिसऱ्या दिवशी कामावर बोलावले.

१९ मार्चला दुपारी हे २६ तरुण बसमधून गिरगावजवळच्या ऑपेरा हाउसला आले. तिथे त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांची प्रसिद्ध पेढी होती. साहेब पुढे, नवे अधिकारी मागे. साहेबाने सीबीआयचा माणूस म्हणून ओळख दिली, झडतीचे वॉरंट मालकापुढे ठेवले. कोणी जागचे हलायचे नाही, कोणी फोनला हात लावायचा नाही, असा हुकूम सुटला. दुकानातले परवान्याचे रिव्हॉल्व्हरही ताब्यात घेतले गेले. दागिन्यांचे ‘नमुने’ आणि रोकड पिशव्यांत भरून सरकारी सील लागले. पाऊण तासाने साहेब माल घेऊन निघाला. जाताना आपल्या तरुणांना पहाऱ्यावर उभे करून गेला. बराच वेळ झाला तरी तो परतला नाही, तेव्हा पोलिसांना फोन गेला. सुमारे ३० ते ३५ लाखांचा माल गेला होता. तो माणूस आजतागायत सापडलेला नाही. २०१३ साली आलेला ‘स्पेशल २६’ हा सिनेमा याच घटनेवर बेतलेला आहे, त्यामुळे ही गोष्ट अनेकांना ठाऊक असेल.

आज ही गोष्ट पुन्हा सांगण्याचे कारण मनोरंजन नाही. ऑनलाइन बँकिंग सुरक्षित कसे वापरावे, यावर बँका आपल्याला रोज मेसेज पाठवतात. पासवर्ड बदला, ओटीपी देऊ नका, लिंकवर क्लिक करू नका. सूचना बरोबर आहेत. तरीही शिकलेली, सावध, हिशेबी माणसे स्वतःच्या हाताने आयुष्यभराची बचत परक्याच्या खात्यात पाठवत आहेत. ते का घडते, याचे उत्तर मला मोबाइलच्या सेटिंगपेक्षा १९८७ च्या त्या दुपारी अधिक सापडते.

धाड खरी का वाटली?

ती पेढी काही भोळ्या माणसांची नव्हती. खरे सोने आणि खोटे सोने क्षणात ओळखणाऱ्यांचा तो बाजार. मग खोटा साहेब कसा ओळखता आला नाही?

यासाठी तो काळ पाहावा लागतो. १९६३ च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. सराफाच्या दुकानात किती सोने आहे, कोणत्या रूपात आहे, नोंद कुठे आहे, हे विचारायला सरकारी माणूस कधीही येऊ शकत होता. त्यात १९८५-८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री होते आणि मोठमोठ्या उद्योगपतींवर छापे पडत होते. वर्तमानपत्रे त्याच बातम्यांनी भरलेली असत. म्हणजे मार्च १९८७ मध्ये एखाद्या झवेऱ्याच्या दारात धाड येणे ही अचंब्याची गोष्ट राहिलेली नव्हती. मोन सिंगने नवीन काही निर्माण केले नाही. लोकांच्या मनात आधीच असलेली भीती त्याने उसनी घेतली.

त्या २६ तरुणांचेही तसेच. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि संप कधी अधिकृतपणे संपलाच नाही. लालबाग, परळ, भायखळा, मदनपुरा या पट्ट्यात १९८७ साली अशी असंख्य घरे होती, जिथे बाप घरी बसलेला होता आणि पोरगा नोकरीच्या जाहिराती कापून ठेवत होता. सरकारी वाटणारी नोकरी आणि ताजमध्ये मुलाखत! अशा वेळी कोण म्हणणार, साहेब, आधी तुमचे ओळखपत्र दाखवा?

मालकाची भीती आणि तरुणांची गरज या दोन्हींच्या मधून तो माणूस आरामात चालत गेला. एकही कुलूप त्याला तोडावे लागले नाही.

तोच साहेब, नवा फोन

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. वर्गात ‘तोतया’ हा शब्द आला की मुले त्याचा उर्दू अर्थ विचारतात. मी ‘बहुरूपिया’ सांगतो, पण तो पुरेसा नाही. बहुरूपी पोटासाठी सोंग घेतो आणि समोरच्याला ते सोंग आहे हे माहीत असते. तोतया दुसऱ्याचा अधिकार चोरतो. पानिपतात १७६१ साली पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला. त्याच्यामागे फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले आणि १७७६ साली त्याला पकडून देहदंड द्यावा लागला. लोकांनी त्याला मानले, कारण भाऊसाहेब परत यावेत असे अनेकांना मनापासून वाटत होते. तोतया नेहमी लोकांच्या मनात आधीच असलेल्या इच्छेवर किंवा भीतीवर उभा राहतो.

आजचा तोतया व्हिडिओ कॉलवर येतो. पद्धत आता सर्वांच्या ऐकण्यात आहे. आधी कुरिअर कंपनीचा किंवा टेलिफोन खात्याचा माणूस बोलतो: तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर घेतलेल्या सिमवरून गुन्हा झाला. मग फोन ‘पोलीस अधिकाऱ्याकडे’ जातो. पडद्यावर वर्दी दिसते, मागे बोधचिन्ह दिसते, व्हॉट्सअॅपवर शिक्का मारलेले वॉरंट येते. कॅमेरा बंद करायचा नाही, कॉल कापायचा नाही, घरात कोणाला सांगायचे नाही, कारण तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात. शेवटी सांगितले जाते की खात्यातले पैसे तपासणीसाठी अमुक सरकारी खात्यात पाठवा, निर्दोष ठरलात की परत मिळतील.

हे ऑपेरा हाउसशेजारी ठेवून पाहा. वॉरंट तेव्हाही होते, आताही आहे. फोनला हात लावू नका, हा हुकूम तेव्हाही होता. आता तोच उलटा झाला आहे, फोन सोडू नका. परिणाम एकच, माणूस बाहेरच्या जगापासून तुटतो. तेव्हा दागिने ‘नमुने’ म्हणून गेले, आता पैसे ‘तपासणीसाठी’ जातात. ‘लूट’ हा शब्द कुठेच उच्चारला जात नाही. आणि दोन्हीकडे विचार करायला वेळ दिला जात नाही.

२०२४ साली वर्धमान या कापड उद्योगाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्याकडून अशाच प्रकारे ७ कोटी रुपये उकळले गेले. त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाची खोटी ऑनलाइन सुनावणी उभी केली होती आणि त्यात सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांचाही तोतया होता. ऐंशीच्या घरातला, हजारो कोटींचा कारभार पाहिलेला माणूस. तेव्हा ‘अडाणी लोकच फसतात’ हे म्हणणे आपण सोडून द्यायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकारांची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये तपासाची जबाबदारी सीबीआयवर सोपवली. ज्या संस्थेच्या नावाने ऑपेरा हाउसला दुकान लुटले गेले, तीच आता आपल्या नावाच्या तोतयांमागे आहे.

कुलपे मजबूत झाली, म्हणून माणूस हेरला गेला

योगायोग असा की, ज्या १९८७ साली ही धाड पडली, त्याच वर्षी एचएसबीसी बँकेने मुंबईत देशातले पहिले एटीएम बसवले. तिथून बँकेच्या कुलपांचा इतिहास वेगाने पुढे गेला. १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने इंटरनेटवरच्या कार्ड व्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची सक्ती केली. ओटीपी आपल्या आयुष्यात आला तो त्या वाटेने. एप्रिल २०१६ मध्ये मुंबईतच यूपीआयची सुरुवात झाली आणि आज गिरगावातला भाजीवाला असो की मोहम्मद अली रोडवरचा फालूदावाला, गल्ल्यापुढे क्यूआर कोड असतोच.

चोरांनी बँकेच्या यंत्रावर हल्ले केले नाहीत असे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेची यंत्रणा भेदून दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. त्यातले बरेच पैसे अनेक देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी निघाले. पण अशी कामे अवघड असतात, मोठी टोळी लागते. त्याच पुण्यात २००५ साली एका कॉल सेंटरच्या कर्मचाऱ्यांनी अमेरिकेतल्या बँक ग्राहकांशी गोड बोलून त्यांचे पिन काढून घेतले आणि लाखो डॉलर वळवले. त्यांनी संगणक फोडला नाही. ग्राहकाने विश्वासाने पिन सांगितला.

दोन्हींपैकी सोपी वाट कोणती, हे सांगायला नको. बँकेचे कुलूप जितके पक्के होते, तितका चोर कुलपाचा नाद सोडून किल्लीवाल्याकडे वळतो. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असेल, तर फसवणुकीचे निम्मे बहाणे जागीच उघडे पडतात.

आपल्या मोहल्ल्यातली भीती

आता थोडे आपल्याविषयी, कारण या फसवणुकीत भीती हेच भांडवल आहे आणि काही वस्त्यांत ते आधीच भरपूर साठलेले आहे.

डोंगरी, नागपाडा, मदनपुरा, माहीम इथे वाढलेल्या माणसाला ‘तुमचे नाव एका केसमध्ये आले आहे’ हे वाक्य इतरांपेक्षा वेगळे ऐकू येते. १९८७ सालीच टाडा कायदा नव्याने आला आणि १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याची दहशत या गल्ल्यांनी अनुभवली. १९९५ मध्ये तो कायदा संपला, पण त्याची आठवण संपली नाही. जुलै २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष ठरवले. या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने नंतर म्हटले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. निर्दोष ठरायला १९ वर्षे लागू शकतात, हे ज्यांनी पाहिले, त्यांना फोनवरच्या साहेबाचे ‘आत्ता ऐका, नाहीतर उचलून नेऊ’ हे शब्द थट्टा वाटत नाहीत.

आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मुअल्लिमांना असा फोन आला. त्यांच्या आधारवर उघडलेल्या खात्यातून ‘देशविरोधी’ लोकांना पैसे गेले, असे सांगण्यात आले. दोन तास त्या खोलीचे दार लावून बसल्या होत्या. ज्यांनी चाळीस वर्षे मुलांना बेधडक उलट प्रश्न विचारायला शिकवले, त्यांनी साहेबाला एक प्रश्न विचारला नाही. सून घरी आली, दार वाजवून म्हणाली, ‘अम्मी, कोणाशी बोलताय एवढा वेळ?’ तेवढ्यावर सगळे थांबले. पैसे वाचले. मागाहून त्या म्हणाल्या, ‘मला पैशांचं काही वाटलं नाही. घराची इज्जत जाईल, पोरांच्या नोकऱ्या जातील, एवढंच डोक्यात होतं.’

त्यांना मी भित्र्या म्हणणार नाही. त्या भीतीला इतिहास आहे. पण ज्या इतिहासातून ही भीती आली, त्यातच तिचे उत्तरही आहे. टाडाच्या दिवसांत ज्या घरांनी वकील गाठला, मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांना बोलावले, कागद मागितला, ती घरे एकटी पडली नाहीत. गुपचूप राहण्याने कोणाचे भले झाल्याचे मला आठवत नाही.

कुराणातल्या सूरह हुजुरातमध्ये आलेली ताकीद आपण जुम्याच्या बयानात अनेकदा ऐकतो. भरवशाचा नसलेला माणूस खबर घेऊन आला, तर आधी तहकीक करा, नाहीतर नंतर पस्तावाल. ही आयत आपण अफवांच्या संदर्भात सांगतो. ती फोनलाही तितकीच लागू आहे. खबर कोण देतो आहे, हे तपासणे म्हणजे सरकारचा अवमान नव्हे. ते आपले कर्तव्य आहे आणि कायद्याने दिलेला हक्कही.

खरा साहेब कसा वागतो

कायद्याकडे पाहिले की तोतया लवकर ओळखू येतो. घराची किंवा दुकानाची झडती घ्यायची तर परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच लागतात, जप्त वस्तूंची यादी होते आणि तिची प्रत घरमालकाला मिळते. हे १९८७ सालीही कायद्यात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत झडतीचे चित्रीकरणही आवश्यक केले आहे. अटक झाली तर लेखी नोंद होते, नातेवाइकांना कळवावे लागते आणि राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदानुसार २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

याहून महत्त्वाचे असे की, तपास यंत्रणेला तुमच्या खात्यातले पैसे रोखायचे असतील तर ती तुमच्या बँकेला लिहिते आणि खाते गोठवते. तुम्हाला पैसे ‘सुरक्षित खात्यात’ पाठवायला सांगत नाही. खऱ्या कारवाईत वकिलाला भेटायला, घरच्यांना सांगायला मनाई नसते. ज्या क्षणी कोणी ‘घरात कोणाला सांगू नका’ म्हणतो, त्या क्षणी तो साहेब नाही हे ठरून जाते. फोन ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. खरा गुन्हा असेल तर तो फोन ठेवल्याने वाढत नाही.

पैसे गेलेच, तर लाज बाजूला ठेवून लगेच १९३० वर फोन करायचा आणि बँकेला कळवायचे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवले जातात. मध्येच अडवले तरच ते वाचतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. त्यानंतरचे मात्र बँकेचे. म्हणजे दोन्ही परिस्थितींत एक तासाचा उशीर महाग पडतो. ‘लोक काय म्हणतील’ या विचारात गेलेली रात्र चोराच्या कामी येते.

त्या २६ जणांचे काय?

ऑपेरा हाउसची गोष्ट सांगताना आपण मोन सिंगच्या हुशारीवर थांबतो. मला मात्र दुकानात उभ्या राहिलेल्या त्या २६ तरुणांची आठवण अधिक येते. साहेब निघून गेला, आणि पोलीस आले तेव्हा समोर हेच होते. नोकरीचा पहिलाच दिवस, आणि चौकशीच्या खुर्चीत बसायची वेळ. तेही फसवले गेले होते, हे पोलिसांना नंतर पटले.

आजही प्रत्येक ऑनलाइन फसवणुकीत असे तरुण आहेत. लुटलेले पैसे थेट चोराच्या खात्यात जात नाहीत. ते एखाद्या विद्यार्थ्याच्या, रिक्षावाल्याच्या, नोकरी शोधणाऱ्या पोराच्या खात्यातून फिरवले जातात. ‘तुझं खातं आणि सिम महिनाभर दे, घरबसल्या दहा हजार मिळतील’, अशी ऑफर येते. काही मुले परदेशातल्या डेटा एंट्रीच्या नोकरीसाठी जातात आणि म्यानमार, कंबोडियातल्या कोंडवाड्यांत पोहोचतात. तिथे पासपोर्ट काढून घेऊन त्यांनाच फोनवरचा साहेब व्हायला लावले जाते. पोलीस पहिल्यांदा ज्याच्या दारात येतात तो खातेदार असतो. आणि तो आपल्या मोहल्ल्यातला असला, तर पुढे काय होते हे मी वेगळे सांगायला नको.

म्हणून घरातल्या म्हाताऱ्यांना ओटीपीचे शिकवतो, तितक्याच गांभीर्याने तरुणांना एवढे सांगायला हवे: आपले बँक खाते ही आपली सही आहे. अमानत म्हणूनही ते कोणाच्या हातात द्यायचे नसते. आणि नोकरी कितीही सरकारी वाटली, मुलाखत कितीही भारी हॉटेलात असली, तरी ‘साहेब, तुमचे कार्यालय कुठे आहे?’ हे विचारल्याशिवाय कामावर रुजू व्हायचे नाही. आमच्या दहावीच्या मुलांना मी निकालाच्या दिवशी, दाखला हातात देताना हे सांगतो. महाविद्यालयात गेल्यावर पहिले खाते उघडते आणि पहिली अशी ऑफरही त्याच वर्षी येते.